मामाने न काढलेली खोट

माझा मामा लिफ्ट तपासायचा. सरकारी नोकरी, सदतीस वर्षं. आपण लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो, आरशात केस सारखे करतो आणि बाहेर पडतो. मामा आधी सगळे जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचा. ब्रेक बघायचा, पोलादी दोरावरून चिंधी फिरवायचा आणि ती कुठे अडकते ते बघायचा. चिंधी अडकली म्हणजे तिथे तार तुटली आहे. मग खाली येऊन लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचा, आणि हे सगळं झाल्यावर स्वतः लिफ्टमध्ये पाऊल टाकायचा. कागदावर शेरा ठरलेला: 'दोष आढळले.' आढळायचेच. न आढळून सांगतात कुणाला!

बरं, नोकरीपुरतं असतं तर चाललं असतं. पण हा माणूस घरी आला तरी तपासणी चालूच. माझ्या लग्नाचा फोटो बघून सगळे म्हणाले, किती छान दिसतेस. मामा म्हणाला, "मागच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय." माझं चष्म्याचं दुकान सुरू झालं त्या दिवशी तो आत आला, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "पाटी अर्ध्या बोटाने डावीकडे कललीय." मी चिडले. मग शिडी लावून मोजलं, तर खरंच कललेली. माझं पित्त आणखीनच खवळलं.

आई त्याची थोरली बहीण. ती म्हणायची, "धाकट्या, तुला एखादी गोष्ट धड दिसली तर डोळे तपासून घे. पोरीचं दुकान आहेच."

पण मामाची सगळ्यात मोठी तपासणी, जी चाळीस वर्षं चालली, ती लिफ्टची नव्हती. ती माझ्या वडिलांची होती. म्हणजे त्यांनी लिहिलेल्या गोष्टीची.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. मीटरचे आकडे तपासायचे, बिलं बरोबर गेलीत का बघायचे. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट लिहिली. तेव्हा टीव्हीवर अंतराळातल्या प्रवाशांची एक मालिका लागायची, काळीपांढरी, दर आठवड्याला एक भाग, आणि केंद्राने प्रेक्षकांकडून गोष्टी मागवल्या होत्या. बाबांनी कचेरीच्या रद्दी कागदांच्या पाठीवर लिहिली आणि पाठवली. ती निवडली गेली! आमच्या इमारतीत टीव्ही दोनच, त्यातला एक आमच्याकडे. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी सहा वर्षांची होते, आईच्या मांडीवर.

गोष्ट अशी. एक वीस मजली यान लांब एका ताऱ्यापाशी बिघडून अडकतं. आत चार प्रवासी. हवा उरली आहे नऊ दिवसांची, तीही तिघांपुरती. त्यातला म्हातारा इंजिनिअर कुणाला न सांगता यानातल्या लिफ्टने तळमजल्यावर जातो, आतून दार लावून घेतो, आणि पृथ्वीवरच्या मुलीला शेवटचा निरोप पाठवतो. एकोणीस वर्षांपूर्वी, ती नऊ वर्षांची असताना, तो तिच्यावर रागावून निघालेला असतो. तो विचारतो, "अजून मनात धरून आहेस का?" आणि उत्तर येतं, "नाही बाबा. कधीच नव्हतं." संपलं. खोलीत सगळ्यांनी डोळे पुसले. समोरच्या काकूंनी तर हुंदकाच दिला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पण ती लिफ्ट चालते कशी?"

मामा. एकवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला, डोक्यात लिफ्टशिवाय दुसरं काही नाही. उभा राहून सांगायला लागला, "लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजनाचा ठोकळा असतो. तो खाली येतो तेव्हा लिफ्ट वर जाते. अंतराळात वजनच नाही, तर तो ठोकळा नुसता तरंगेल! दाजी, हा माणूस तळमजल्यावर पोचलाच नसता."

बाबांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. कुणीतरी भर चौकात टोपी उडवावी तसा. ते तीन आठवडे मामाशी बोलले नाहीत. आई मधल्या मधे बावचळली, एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. तीन आठवड्यांनी बाबांनी मामाच्या पत्त्यावर चार पानी पत्र टाकलं. यान स्वतःभोवती गिरक्या घेतं, म्हणून आत वजन तयार होतं, सबब लिफ्ट चालते.

पत्र पोचलं त्याच संध्याकाळी मामा ते हातात धरूनच आला. चपला काढायच्या आधी म्हणाला, "गिरक्या घेतंय ना? मग खिडकीतले तारे जागच्या जागी कसे?"

बाबा म्हणाले, "ती खिडकी नाहीच. पडदा आहे."

"मग कप्तान तिला फडक्याने का पुसतो?"

"का? पडद्यावर धूळ बसत नाही?"

आणि दोघं हसायला लागले. जे हसायला लागले ते थांबेनात. आईचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून ही दोन माणसं एकमेकांची झाली, ती अशी की मला कधी कधी आईची दया यायची. घरात आलं की दोघं त्या यानात.

पुढे तो भाग टेपवर मिळाला, मग तबकडीवर, मग कॉम्प्युटरवर. मामा सोडतोय होय! यानात किटलीतून चहा कसा ओततात? तळमजल्यातही हवा होतीच ना, मग ती कुणी वापरायची? सोळाव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट आकडा चौदाचा का दाखवते? बाबा प्रत्येक वेळी आधी "हो का?" म्हणायचे, दोन घोट चहा प्यायचे, आणि उत्तर काढायचे. तळमजल्याला गळती होती, तिथली हवा वर आणता येत नव्हती. लिफ्टचा आकडा? "तुझ्याच खात्याने तपासली नसेल." एक उत्तर दुसऱ्यापेक्षा बेरकी. मामाने कधी "पटलं" म्हटलं नाही, आणि बाबांनी कधी "चुकलं" म्हटलं नाही. हा त्यांचा अलिखित नियम.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले, मग दिवस. ते इमारतीच्या तळाशी पाण्याच्या मीटरजवळ जायचे, आकडा टिपायचे, वर येऊन आईला सांगायचे. अर्ध्या तासाने पुन्हा जायचे. आई दर वेळी म्हणायची, "बरं झालं बघून आलात." डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने फार काही होणार नाही, त्यांना ज्यात गोडी आहे त्यावर बोलतं ठेवा.

बाबांना गोडी कशात आहे, हे आम्हाला वेगळं सांगायला नको होतं. बुधवारी माझं दुकान बंद असतं, म्हणून बुधवारी दुपारी चार वाजता मी आईकडे जायची आणि मामा यायचा. तो भाग लावायचा. मामा एक खोट काढायचा आणि बाबा भांडायचे. अहो, काय सांगू! सकाळी ज्या माणसाला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती, तो चार वाजता मामाला म्हणायचा, "अरे मूर्खा, दुसऱ्या प्रसंगात कप्तान काय बोलतो ते ऐकलंस का?" मामाला मूर्ख म्हटलं की आई स्वयंपाकघरात हात जोडायची. बाबा भांडतायत तोवर बाबा आमचे आहेत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कुणी बोलून दाखवलं नाही, इतकंच.

पण जुनी खोट चालायची नाही. जुन्या उत्तरांचे धागे बाबांच्या हातून निसटायचे आणि ते खजील व्हायचे. दर बुधवारी कोरी करकरीत चूक लागायची. मामा साठी उलटलेला माणूस, घरी भिंग घेऊन पडद्यासमोर बसायला लागला. एका प्रसंगात दाराला तीन बिजागऱ्या, दुसऱ्यात दोन. कप्तानाच्या बाहीवरचा पट्टा एकदा रुंद, एकदा अरुंद. मामी मला फोन करून म्हणाली, "अगं, हे झोपेत यान यान करतायत. काहीतरी कर बाई."

मी काय करणार? चाळीस मिनिटांचा भाग. त्यात चुका असून असून असतील किती?

एका बुधवारी मामाने सांगितलं, "दाजी, इंजिनिअरचं घड्याळ पहिल्या प्रसंगात डाव्या हातात आहे आणि लिफ्टमध्ये उजव्या."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "घड्याळ?"

"हो."

"त्याच्या हातात घड्याळ नाहीच."

"आहे दाजी. मी नीट बघितलंय."

"नाही म्हणतो ना! मी त्याला घड्याळ दिलंच नव्हतं. नऊ दिवस मोजत बसेल म्हणून. लाव, मागे घेऊन लाव."

मी मागे घेऊन लावलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात उघडे, मनगटं स्वच्छ. बाबा उडालेच खुर्चीतून. "पकडला! तपासनीस पकडला! अगं ए, बाहेर ये, तुझ्या भावाने खोटा शेरा मारलाय!" आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. बाबा टाळ्या पिटत होते. त्या दिवशी ते मीटर बघायला एकदाही खाली गेले नाहीत.

मी मामाला पोचवायला जिन्यापर्यंत गेले. तो लिफ्टपाशी थांबला नाही, पायऱ्या उतरायला लागला. दुसऱ्या मजल्यावर मी त्याला गाठलं. "मामा, मुद्दाम केलंस ना? काय नाटकी आहेस रे!"

तो वळला तर डोळ्यांत पाणी. आणि राग, तो वेगळाच. "सदतीस वर्षांत एक खोटा शेरा मारला नाही मी. एक नाही! वरून फोन यायचे तरी नाही. आणि आज दाजींपुढे मारला."

"अरे, पण किती खूश झाले ते."

"म्हणून तर मारला." कठड्याला टेकून तो नाक पुसत राहिला. "संपल्या गं. सगळ्या चुका संपल्या. शपथेवर सांगतो, त्या भागात आता काढण्यासारखं काही नाही. एक सोडून."

"कुठली?"

तो पुन्हा पायऱ्या उतरायला लागला. मी म्हटलं, "मामा, सांगतोस का ढकलू खाली?" तेव्हा कुठे बोलला.

"पहिल्याच प्रसंगात कप्तान काय म्हणतो? यानातून निरोप पृथ्वीवर पोचायला अकरा वर्षं लागतात. आणि शेवटी म्हातारा मुलीला विचारतो, तर अर्ध्या मिनिटात उत्तर! अकरा जायला, अकरा यायला, बावीस वर्षं झाली. हवा किती दिवसांची? नऊ."

इतक्या वेळा बघितलं होतं, माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. "तुला हे केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. लिफ्टच्या आधी."

"आणि चाळीस वर्षं गप्प बसलास? तू?"

"लिफ्ट बंद असली तर माणूस जिन्याने जातो," मामा म्हणाला. "पण हे म्हणजे इमारतच उभी नाही असं सांगणं झालं. सगळी गोष्ट त्या उत्तरावर आहे. तुझी आई रडली होती, मी रडलो होतो. त्या दिवशी ओठांवर आलं होतं, म्हणून घाईघाईने लिफ्टचं बोललो. आणि आता तर विचारायची हिंमतच नाही. त्यांना उत्तर सुचलं नाही तर? ते गप्प बसले तर? मला ते बघवणार नाही."

मी त्या माणसाला आयुष्यभर किरकिऱ्या म्हणत आले. जिन्यात उभी राहून मला माझीच लाज वाटली.

पुढचे दोन बुधवार मामा सर्दी झाली म्हणून आला नाही. सर्दी कसली, नवीन चूक नव्हती. दुसऱ्या बुधवारी बाबा दिवसभर खुर्चीत बसून होते, माझ्याशी दोन शब्द बोलले, तेही आकडे. मी मामाला फोन करून फैलावर घेतलं. "रिकाम्या हाताने ये, पण ये."

तिसऱ्या बुधवारी तो आला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि खुर्चीतून अर्धवट उठले. "या, या. बसा साहेब."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी भाग लावला, दुसरं करणार काय? सुरुवातीच्या पाट्या आल्या. मालिकेचं नाव, भागाचं नाव, आणि मग लेखक म्हणून बाबांचं नाव. बाबांनी ते नाव मोठ्याने वाचलं. नीट, एकेक अक्षर.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मामाचा आवाज मला ओळखू आला नाही. तो म्हणाला, "आहेत एक. बघा तरी."

पाच मिनिटं झाली नाहीत तोच बाबा हसायला लागले. "काय हो, अंतराळात वजन नसतं ना? मग ही लिफ्ट कशी चालते?"

मी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं मामाने विचारलं ते आता बाबा विचारत होते, एखाद्या तिऱ्हाइताच्या गोष्टीला हसावं तसे. मला वाटलं, मामा उठून जाईल. गेला असता तरी मी त्याला बोल लावला नसता. तो खुर्ची ओढून पुढे सरसावला.

"चालते साहेब. यान गिरक्या घेतंय ना."

"मग तारे का फिरत नाहीत?"

"ती खिडकी नाही. पडदा आहे."

"फडक्याने पुसतोय की तो!"

"मग? पडद्यावर धूळ बसत नाही?"

बाबांनी "हो का?" म्हटलं आणि चहाचे दोन घोट घेतले. मग आणखी एक चूक काढली. मग आणखी एक. तळमजल्याची हवा, किटली, सोळा-चौदा. मामाने एकेक परतवून लावली, बाबांच्याच शब्दांत, बाबांच्याच ठसक्यात. चाळीस वर्षं ज्यातलं एक उत्तर त्याने मान्य केलं नव्हतं, ती सगळी त्याला तोंडपाठ होती! एकदा तर बाबांनी नवी कोरी काढली. यानात रोपं ठेवलीत, त्यांना पाणी घालतात, मग हवा कमी कशी पडते? ही मामालाही सापडली नव्हती. मामाच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. मग म्हणाला, "अंधारात रोपंही आपल्यासारखीच हवा ओढतात. आणि खिडकीच नाही, तर ऊन कुठलं?"

"हं. वकील आहात का हो तुम्ही?" बाबा म्हणाले.

शेवटचा प्रसंग आला. म्हाताऱ्याने दार लावलं. विचारलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, कोवळ्या आवाजात, "नाही बाबा. कधीच नव्हतं." बाबा काही बोलले नाहीत. पडदा काळा झाला तरी बोलले नाहीत. तेच ते गप्प बसणं. मी मामाचा हात दाबला, म्हणजे आता उठू या. पण मामाने हात सोडवून घेतला.

"साहेब, शेवटी काही खटकलं नाही?"

"शेवटी? काय खटकायचंय?"

"निरोप जायला अकरा वर्षं लागतात. उत्तर इतक्यात कसं आलं?"

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं बिनडोक कारकुनाकडे बघायचे. "अहो, ते या निरोपाचं उत्तर नाहीच मुळी. मुलगी आहे ना त्याची? बाप काय विचारणार ते तिला कळत नाही? त्याने विचारेपर्यंत ती कशाला थांबेल? अकरा वर्षांपूर्वीच पाठवलंय तिने. वाटेत होतं ते. आज पोचलं."

मामा बोटं मोजायला लागला. "यान निघून एकोणीस वर्षं. तेव्हा पोर नऊची. अकरा वर्षांपूर्वी म्हणजे सतराची..." तो एकदम थांबला. "म्हणून आवाज कोवळा आहे! आता ती अठ्ठावीसची असायला हवी, आणि आवाज सतराचा! अगं, मी तो आवाजही त्याच चुकीत लिहून ठेवलाय!"

म्हणजे ते उत्तर बाबांना आत्ता सुचलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी, कचेरीच्या रद्दी कागदावर, त्यांनी ते तसंच लिहिलं होतं, आणि कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना. मी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मामा उठला. बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन खाली बसला आणि त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले.

"दाजी," तो म्हणाला, "पटलं. सगळं पटलं."

बाबा जरा ओशाळले. हात सोडवून घेतले नाहीत, पण म्हणाले, "मला काय सांगताय साहेब? ज्याने लिहिलंय त्याला सांगा. बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल."

"सांगतो," मामा म्हणाला. "नक्की सांगतो."